मांडवाच्या खांबावरची नोटीस

भिवंडीच्या तहसील कचेरीत निवडणूक शाखेत एकदा ड्युटी केली की जन्मभर गप्पांना तोटा नाही. आम्ही जुनी मंडळी चहाला जमलो की तेव्हा निवडून कोण आलं होतं ते कुणालाच आठवत नाही. पण नोटीस कुठं लावली आणि काय घोळ झाला, ते सगळ्यांना तोंडपाठ! दोन हजार सालानंतरचे दिवस. आमचे नायब तहसीलदार साहेब म्हणजे नियमाचा कडक माणूस. काहीही विचारा, उत्तर एकच, "नियमात दाखवा!" आणि गावोगाव नोटिसा चिकटवणारा शिपाई बाळारामदादा, राहणार कशेळी.

*

पडघ्याला दादानं घरच्या कणकेची खळ करून नेली आणि चावडीवर झकास नोटीस लावली. दुपारी साहेब तपासणीला गेले, तर भिंत कोरी! खाली एक शेळी निवांत रवंथ करतेय. साहेब कडाडले, "नोटीस कुठाय?"

दादानं शेळीकडे बोट केलं. "हिला बजावली, सायेब. सही मातर न्हाय घेतली!"

*

मग दादानं कणकेचा नाद सोडला आणि सायझिंगच्या कारखान्यातून सूत कडक करायची खळ आणायला लागला. शेळी काय, पाऊससुद्धा हरला! निवडणूक संपली, नोटिसा काढायचा हुकूम आला, पण एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या, भिंतीवरची काही केल्या निघेना. आम्ही खरवडून खरवडून दमलो. शेवटी लूमचा मालकच म्हणाला, "रहने दो साहब. दीवार गिर जाएगी, नोटिस नहीं गिरेगी!"

*

मतदानाला भरपगारी सुट्टी, अशी नोटीस लूमवर लावली. एका कारागिरानं ती दोनदा वाचून घेतली आणि थेट शेठकडे गेला. "मेरा वोट तो गाँव में है. आने-जाने का मिलाके हफ्ते भर की छुट्टी दे दो!"

शेठनं हात जोडले ते आम्हाला. "और कोई नोटिस है तो बाजूवाले के यहाँ लगाओ भाई!"

*

आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांची नावं कागदानं झाकायची. दादानं बाकडी झाकली, टाक्या झाकल्या, मुतारीवरची पाटीही झाकली. निकालानंतर कागद काढत होतो, तेवढ्यात ज्यांचं नाव सगळीकडे होतं ते नगरसेवक स्वतः आले. आम्हाला वाटलं, आता तक्रार! ते हळूच म्हणाले, "बाकीचे कागद काढा हो. मुतारीवरचं राहू द्या झाकलेलं."

*

आणि मग दादाच्या पोरीचं लग्न. कशेळीलाच, आणि नेमकं मतदान केंद्रांच्या नोटिसा लावायच्या दिवशी! त्या दिवशी दादाची ड्युटी पडघ्याला. रजेचा अर्ज घेऊन तो साहेबांपुढे उभा राहिला.

"निवडणुकीत रजा नाही."

"सायेब, एकुलती पोर हाय माझी. बापच न्हाय तर कन्यादान कोन करनार?"

"रजा नियमात दाखवा!"

दादा बाहेर येऊन बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. आम्हाला साहेबांचा असा राग आला की विचारू नका! तासाभरानं साहेबांनी बदललेला हुकूम पाठवला. दादाची ड्युटी पडघ्याऐवजी कशेळीला. नोटीस त्या दिवशी जिथं सर्वांत जास्त गर्दी असेल तिथं लावावी, वाचून दाखवावी आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडू नये.

लग्नाला आम्ही झाडून सगळे गेलो. मांडवाच्या पहिल्याच खांबावर नोटीस! फेटा बांधलेला दादा हसतोय, मधेच डोळे पुसतोय. मंगलाष्टकं सुरू झाली आणि जीपमधून साहेब उतरले. खांबाजवळ उभं राहून त्यांनी नोटीस नखानं उचकटून पाहिली. निघेना.

"वाचून दाखवली का?"

दादा तसाच पळाला. त्यानं भटजींच्या हातात एक प्रत कोंबली. भटजी मंगलाष्टकांच्या भरात होते. त्यांनी त्याच चालीत सुरू केलं, "मतदान केंद्र क्रमांक एक, जिल्हा परिषद शाळा, उत्तरेकडील खोलीऽऽ..." शेवटी "हुकुमावरून" आलं आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "सावधाऽऽन!"

सगळ्या मांडवानं अक्षता टाकल्या.

साहेबांनी डोक्यावरचे तांदूळ झटकले आणि आम्हाला म्हणाले, "लिहा. प्रसिद्धी झाली."