गवती चहाचं तेल आणि रुसलेली म्हैस

परसातल्या चवळीवर मावा पडला, पण सासूबाईंनी मला औषधाचा पंप हातात घेऊ दिला नाही. रोज तोडून खायच्या शेंगा, त्यावर विष नको, असं त्यांचं म्हणणं. मी एका शेती शिबिरात गवती चहाचं तेल काढताना पाहिलं होतं. त्या वासानं कीड पळते, असं तिथं सांगितलेलं. आमच्या बांधावर तर गवती चहा नुसता माजलेला.

नवरा शिरोलीला फौंड्रीत कामाला. सुट्टीदिवशी त्यानं जुन्या हंड्याला घट्ट झाकण बसवलं, त्याला तांब्याची नळी जोडली आणि ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवून आणली. हंड्यात पाणी, वर जाळीवर चिरलेली पात, खाली चूल. दुपारभर जाळ घातला तेव्हा कुठं नळीच्या टोकाला लावलेल्या बाटलीत जमलेल्या पाण्यावर चमचाभर पिवळसर तेल तरंगलं. वास मात्र गल्लीभर. शेजारीण चहा प्यायलाच येऊन बसली.

तेल पाण्यात मिसळेना, म्हणून सासूबाईंनी साबणाचं पाणी घालून घुसळलं. हौसेनं तेल जरा जास्तच पडलं आणि पहिल्या ओळीची पानं कडेनं करपली. मग थेंब कमी केले आणि ऊन उतरल्यावर सगळीकडं फवारलं.

तिथनं हात धुऊन धार काढायला बसले, तर म्हशीनं मला हुंगलं, फुरफुरली आणि बाजूला सरकली. पेंडीचं आंबोण पुढ्यात ठेवलं, पाठ थोपटली. पान्हा काही सोडेना. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"तू कोण हायस, ह्येच कळंना तिला," त्या म्हणाल्या.

मग त्या स्वतः बसल्या. तेल त्यांनीच घुसळलेलं, तेव्हा त्यांचीही तीच गत झाली. शेवटी नवऱ्याला बोलावलं. लग्न झाल्यापासून बोटं दुखतात म्हणून त्यानं धार काढायचं टाळलेलं. तो बसला आणि म्हशीनं निमूट बादली भरू दिली. मला तिचा थोडा रागच आला.

मावा हटला, पण वास उडाला की पुन्हा दिसायचा. त्यामुळं फवारणी अधूनमधून चालूच राहिली, आणि फवारलं की त्या दिवशीची धार नवऱ्याकडं. थोड्याच दिवसांत तो कंटाळला. दुकानातलं औषधच आणूया की, म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्या हातात बादली दिली. "आधी धार काढ. मग बोलू."