डावखुऱ्याची अदलाबदल

लग्न होऊन मी टेक्ससला आले तेव्हा माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती. नवरा सकाळी ऑफिसला जायचा तो दिवेलागणीला परत यायचा. आमचं प्लेनो गाव तेव्हा आजच्याएवढं पसरलेलं नव्हतं. आमच्या अपार्टमेंटच्या मागे मोकळं रान होतं, आणि ज्याला ड्राइव्ह करता येत नाही त्याने घरातच बसायचं, असा तिथला हिशोब होता. मला येत नव्हतं. दुपारभर मी खिडकीतून पार्किंग लॉटकडे बघत बसायची आणि आईला पत्रात लिहायची, इथे सगळं छान आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून त्या रिटायर झाल्या होत्या. एका दुपारी धुणं घेऊन मी लाँड्री रूममध्ये गेले तर ड्रायरवर छोटा रेडिओ ठेवून त्या ऐकत बसल्या होत्या. मी ओळखीपुरती हसले. त्यांनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, "अजून त्याला काढत नाहीत बघ."

"कोणाला?"

"पिचरला. नुसता मार खातोय."

बेसबॉल मला ठाऊक नव्हता. पण मार खाणारा बॉलर मला चांगलाच ठाऊक होता. सांगलीला कॉलेजात असताना मी क्रिकेट खेळायची, मध्यमगती गोलंदाजी करायची आणि विद्यापीठाच्या मुलींच्या संघातही होते. लग्न ठरवताना आईने ही गोष्ट फारशी काढली नव्हती. मी रिकामी बास्केट उलटी करून तिच्यावर बसले आणि कपडे वाळेपर्यंत ऐकत राहिले.

मग ते रोजचंच झालं. दुपारचा चहा आटोपला की मी खाली जायची. बाई बर्फ घातलेला गोड चहा द्यायच्या. तो मला कधीच आवडला नाही, पण मी पीत असे. मॅच टीव्हीवर असली तर टीव्ही, नाहीतर रेडिओ. खेळ त्यांनीच मला शिकवला. आमच्यात बॉलर एक षटक टाकतो, मग दम खातो, पुन्हा येतो. इथे एकच माणूस टाकत राहतो, आणि एकदा काढला की त्या दिवशी परत येणे नाही. काढायची पद्धतही सगळ्यांसमोरची. मॅनेजर सावकाश चालत मैदानाच्या मध्यापर्यंत जातो, हात पुढे करतो, पिचर त्याच्या हातात चेंडू देतो आणि मान खाली घालून निघतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कसंतरीच झालं.

मॅच सुरू करणारे पिचर संघात पाच असत. पाळीपाळीने एकेकाचा दिवस. त्या उन्हाळ्यात आमच्या, म्हणजे तिथल्या गावच्या, संघाच्या पाचांपैकी तिघांचं काही खरं नव्हतं. एकाचं कोपर दुखत होतं, एक म्हातारा झाला होता. तिसरा होता एक डावखुरा पोरगा. आदल्या वर्षी सगळ्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं. यंदा तो मॅचच्या नऊ छोट्या डावांपैकी पहिले दोन असा टाकायचा की बघत राहावं, आणि तिसऱ्या-चौथ्या डावात एकदम ढासळायचा. चेंडू बॅटरच्या गुडघ्याशी न येता वर राहायचे, आणि वर राहिलेला चेंडू तिथे कोणी सोडत नसे.

संध्याकाळी सहा वाजता रेडिओवर लोकांनी फोन करून बोलायचा कार्यक्रम लागे. ऑफिसातून घरी निघालेली माणसं, दुकानदार, कॉलेजातली मुलं, कोणीही फोन करून संघाचं काय चुकतंय ते सांगे. मी वर स्वयंपाक करता करता ऐकायची. पोळ्या लाटताना मला टेक्ससचं इंग्लिश कळायला लागलं ते त्या कार्यक्रमामुळे. जुलैत तिथे एकच विषय झाला: ट्रेड. दुसऱ्या शहराच्या संघाकडे एक थोराड, अनुभवी बॅटर होता, तो इकडे घ्यायचा आणि बदल्यात आपला डावखुरा द्यायचा, अशी बातमी होती.

"म्हणजे त्याला विचारणार नाहीत?" मी बाईंना विचारलं.

"नाही. फोन येईल, बॅग भरायची आणि जायचं."

"आणि तुम्हाला हे बरोबर वाटतं?"

"मला तो बॅटर हवाय," त्या म्हणाल्या.

इथून आमचं जुंपलं. माझं म्हणणं, एक वर्ष वाईट गेलं म्हणून इतका चांगला हात कोणी देऊन टाकतं का? थांबा ना, पोरगा लहान आहे. त्यांचं म्हणणं, थांबून थांबून हा संघ कधीही काही जिंकलेला नाही. दरवर्षी कोणीतरी लहान असतं आणि दरवर्षी पुढच्या वर्षाची गोष्ट होते. मी माझा मुद्दा पुन्हा मांडायला लागले तेव्हा त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"हनी, तू पंचवीस वर्षांची आहेस. त्या पोराने शहाणं व्हायची वाट बघायला तुला वेळ आहे. मला यंदा जिंकायचंय."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तक्रारीचा सूरही नव्हता. मी चहा संपवून वर आले आणि संध्याकाळभर तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

त्याच आठवड्यात डावखुऱ्याची मॅच टीव्हीवर होती. कॅमेरा पिचरच्या पाठीमागून दाखवतो, त्यामुळे पाय नीट दिसतात. तिसऱ्या डावात मला दिसलं की चेंडू टाकताना त्याचा पुढचा पाय सरळ पडतच नाहीये. तो पहिल्या बेसच्या, म्हणजे त्याच्या डाव्या हाताच्या, बाजूला आडवा पडत होता, आणि मग हात सगळ्या अंगावरून ओढून आणावा लागत होता. हे मी अंगाने ओळखत होते. कॉलेजात माझा पायही असाच आडवा पडायचा. आमचे सर मातीत काठीने रेघ ओढायचे आणि पाय रेघेबाहेर गेला की टाळी वाजवायचे. महिनाभर ती टाळी ऐकून माझा पाय ताळ्यावर आला होता.

मी बाईंना दाखवलं. त्या पुढे वाकून बघत राहिल्या. "मला तर त्याचे पाय नेहमीसारखेच दिसतायत," म्हणाल्या. "आणि पाय कसाही पडो, मार तर खातोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमात एक गृहस्थ म्हणत होते की पोरगा भित्रा आहे, गर्दी बघून त्याचं अवसान गळतं. माझ्या हातात लाटणं होतं. ते ठेवलं, भाजी गॅसवर तशीच राहू दिली आणि फोन लावला. लागणार नाही असंच वाटलं होतं. पण एका मुलीने माझं म्हणणं थोडक्यात विचारून घेतलं, रेडिओ बंद करायला सांगितलं, आणि बऱ्याच वेळाने कार्यक्रम चालवणाऱ्याचा तोच रोजचा आवाज माझ्या कानाशी आला.

"बोला मॅडम, कुठून बोलताय?"

"प्लेनोहून."

"आणि त्याआधी?"

"सांगलीहून."

"हे टेक्ससमध्येच येतं का?"

"नाही, भारतात," मी म्हटलं. तो हसला, पण वाईट हसला नाही. मग मी सांगितलं. तो भित्रा नाही. भित्रा असता तर पहिले दोन डावही नीट टाकले नसते. त्याचा पाय आडवा पडतो आहे, आणि दमला की जास्तच आडवा पडतो, म्हणून चेंडू वर राहतो. पाय महिन्याभरात सुधारता येतो. पाय सुधारा, पोरगा देऊ नका.

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"मी बॉलिंग करायची."

"दहा पिन उभ्या करतात ती?"

"नाही हो, क्रिकेटमधली."

मग तो म्हणाला, "मॅडम, आज दिवसभरात याहून शहाणं मी काही ऐकलेलं नाही," आणि माझा फोन कट झाला. मी पुन्हा रेडिओ लावला तोवर पुढचा माणूस लाईनवर होता आणि म्हणत होता की त्या बाईंनी आपलं क्रिकेट सांभाळावं. तेवढ्यात माझ्या पायाखालच्या जमिनीवर ठकठक झाली. खालच्या बाई झाडूच्या दांड्याने आपलं छत ठोकत होत्या. मी दार उघडून जिन्यात गेले तर त्या खाली उभ्या.

"सगळं चूक बोललीस," त्या म्हणाल्या, "पण फार छान बोललीस."

आल्यापासून एवढं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. नवरा घरी आला तेव्हा त्याला भाजी करपल्याचा वास आला, आणि मग मी त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढता काढता थांबला. "तू बॉलिंग करायचीस?" त्याने विचारलं. आमच्या लग्नाला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या रविवारी तो कुठूनतरी टेनिसचा चेंडू घेऊन आला आणि आम्ही मागच्या रानात खेळलो. मी त्याला पाच-सहा वेळा तरी आऊट केलं. तो खोटं आऊट होत नव्हता, हे मी बघत होते.

पुढच्या शनिवारी एका मराठी डॉक्टरकाकांकडे जेवण होतं. ते हाडांचे डॉक्टर, आमच्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी आलेले. तोवर माझ्या फोनची बातमी तिथे पोचली होती. काकूंनी वाढता वाढता विचारलं, "काय गं, रेडिओवर भाषण केलंस म्हणे?" सगळे हसले. काकांनी मात्र मला हॉलमध्ये उभं करून पाय कसा पडतो ते करून दाखवायला सांगितलं. मी साडीचा पदर खोचून दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं.

"तू बघितलंस ते बरोबर आहे," ते म्हणाले, "पण उलटं वाचलंस. पायामुळे हात बिघडलेला नाही. खांदा दुखत असणार, म्हणून तो पाय तसा टाकतोय. शरीर स्वतःला सांभाळून घेतं. तो कोणाला सांगत नसेल."

"का नाही सांगणार?"

"सांगितलं तर त्याला कोण घेईल?"

मला त्याच्या ज्या पायाचा राग येत होता, तोच पाय त्याला कसाबसा वाचवत होता.

ट्रेड झालाच. मंगळवारी सकाळी बातमी आली. थोराड बॅटर आला आणि त्याने आल्या आल्या धडाका लावला. संघ लागोपाठ जिंकायला लागला. बाई खूश होत्या. मॅच संपली की त्या टीव्हीसमोर उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्याबरोबर वाजवायची. आमचा वाद थांबला नव्हता, पण त्या दिवसांत तो काढायला मला जमत नव्हतं. इतकं हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी डावखुऱ्याचा नवा संघ आमच्याकडे खेळायला आला, आणि नेमकी त्याचीच पाळी होती. नवऱ्याने आम्हा दोघींना गाडीने नेलं. उन्हाने सीटा तापलेल्या. दुसऱ्या शहराचा पोशाख घालून तो बाहेर आला तेव्हा आमच्या आजूबाजूला लोकांनी हुर्यो केली. बाईंनी मागे वळून एका माणसाकडे असं बघितलं की तो गप्प बसला.

"तुम्ही तर त्याला द्या म्हणत होतात," मी म्हटलं.

"द्या म्हणाले. हुर्यो करा म्हणाले नाही."

त्याने एक डाव टाकला. दुसऱ्या डावात आमच्या नव्या बॅटरने त्याचा चेंडू कुंपणापलीकडे घालवला. सगळं मैदान उठलं. बाई उठल्या नाहीत. त्यानंतर त्याने तीन-चार चेंडू टाकले, आणि प्रत्येक चेंडूनंतर तो डावा हात मांडीजवळ असा धरून उभा राहत होता, जणू त्यात कोणीतरी वजन दिलं आहे. मॅनेजर चालत गेला. पोराने चेंडू त्याच्या हातात दिला. बाहेर जाताना तो आमच्या बाजूने गेला. चेहरा अगदी कोवळा होता, टीव्हीवर दिसतो त्याहून लहान. बाई तेव्हा उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मीही उठले. आमच्या ओळीत आणखी दोघे-तिघे उठले असतील, फार नाही.

परत येताना त्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आपण जिंकलो की बरं वाटेल."

"वाटलं नाही?"

"वाटलं. पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही."

सप्टेंबरमध्ये पेपरात छोटी बातमी आली, खांद्याचं ऑपरेशन. त्यानंतर तो मोठ्या मैदानावर क्वचितच दिसला. आमच्या बॅटरचाही जोर तोवर ओसरला होता. संघ आपल्या गटात दुसरा आला, आणि पुढे फक्त पहिलाच जातो, म्हणजे काहीच नाही. रेडिओवर लोक भांडत होते की या ट्रेडमध्ये कोण जिंकलं, आणि दोन्ही बाजूंकडे सांगायला फारसं काही नव्हतं. मी पुन्हा फोन केला नाही. सांगण्यासारखं होतं ते काकांनी सांगितलेलं, आणि ते रेडिओवर सांगायची गोष्ट नव्हती.

दोन वर्षांनी बाई मुलीकडे राहायला दुसऱ्या राज्यात गेल्या. तोवर मला ड्राइव्ह करता येत होतं. विमानतळावर त्यांना मीच सोडलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या महिन्यातून एकदा तरी फोन करायच्या. आधी तब्येत, मग तोवर झालेली माझी मुलगी, मग संघ. एकदा मी त्यांना विचारलं, खांद्याचं आधी कळलं असतं तर ट्रेड करा म्हणाला असतात का?

"त्याच्या भल्यासाठी नाही म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "पण हनी, तो ऑगस्ट काय होता, नाही?"

मी म्हटलं, हो, फार छान होता.