साडेतीन मोलांचं लोणचं

जगातली कुठलीही चव आमच्या थोरल्या दाजींना जिभेने कळत नसे, ती काचेच्या नळीने कळे. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, जळगावात कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. द्रवात तरंगणारी ती नळी सदऱ्याच्या खिशात, पेनाशेजारी. गल्लीत केळ्याचे वेफर्स तळायचे ठरले की बायका मिठाचं पाणी आधी दाजींकडे आणायच्या. ते नळी सोडत, घनता वाचत, तक्त्यावरून लिटरमागे मिठाचे ग्रॅम काढत, त्याला मिठाच्या रेणुभाराने, साडेअठ्ठावन्नने, भागत आणि केमिस्ट्रीच्या मापात म्हणत, "दोन मोल. तळा बिनधास्त." वेफर्स खारट झाले तर दोष केळ्याचा. "जीभ फितूर असते रे," ते मला बजावत. मी बारावीला याच विषयात आपटलेला, त्यामुळे मान डोलावण्यापलीकडे माझा अभ्यास नव्हता.

दाजींच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या भाचीसाठी, धरणगावचं स्थळ मीच आणलं. मुलगा चांगला, पोरीलाही आवडलेला, फक्त त्याच्या आईचा, अक्कांचा, होकार यायचा होता. त्या मुलाला घेऊन दाजींकडे जेवायला आल्या, त्या उपवासाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन. ताईने वाटीत वाढायच्या आत दाजींनी बरणीतला पाक ग्लासात ओतला आणि नळी सोडली. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. तो मुलाचा निघाला.

"लिटरमागे साडेतीन मोल मीठ!" दाजी म्हणाले. "अक्का, ब्लडप्रेशर होईल याने."

भाचीच्या हातातली पोळी हातातच राहिली. अक्कांनी ताट पुढे सारलं.

"आधी चाखी देखा. मंग बोला."

नाइलाजाने दाजींनी फोड जिभेवर ठेवली. डोळे मिटले.

"साखर," ते पुटपुटले. "वजन साखरेचंही होतं. मी सगळं मिठाच्या नावावर लावलं. चुकलो, अक्का. अजून एक फोड द्या."

अक्का हसल्या तशा पदरात तोंड घालून हसतच राहिल्या. "ल्या, बठ्ठी, अख्खी बरणी ल्या! पोर आमची झाली."

ताईने साखर वाटली. मी दुसरी पोळी मागितली. निघताना अक्का चपला घालत होत्या. दाजी त्यांच्या मागे ओट्यापर्यंत गेले, घुटमळले. काहीतरी आकडा येणार म्हणून मी धास्तावलो.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "आमच्या पोरीला मीठ जरा कमीच लागतं. सांगायची नाही ती, गप खाईल. तेवढं बघा."