एका वेळी एकच शिवण

मधुरा, इकडे सरक, जवळ बस. सांगलीला मामाकडे असलीस तरी हे जवळ बसल्यासारखंच वाच. तुझ्या बाबांच्या दिवसकार्याला सगळ्यांदेखत म्हणालीस, "आत्या, औषध तुझ्या हातात होतं. बाबांना दिलं नाहीस." असं बोलतात का गं? तुझी आत्या तुला ठाऊकच नाही. आपली भिंतीला भिंत लागून घरं, वसुधा माझ्या शिलाई मशीनपाशीच वाढली.

लहानपणापासून तिची एक खोड. ब्लाउज कुठे बिघडला आणि मी घाईला आले, की माझा हात धरायची. "काकू, एका टायमाला एकच शिवण उसवा. बाही आन् खांदा संगट बदलला, तर कशानं बसला ते कळायचं न्हाई."

पुढे पुण्याला औषधं घडवायच्या नोकरीतही तिचं तेच. म्हणायची, "आजाराचं मूळ अंगात जिथं असतं, त्याच्या मापाचं औषध बेतायचं, काकू. त्या औषधाचा एक कोपरा बदलायचा, पेशींवर टाकून बघायचं. बसलं तरी म्होरं उंदीर हायेत, यकृत हाय. बहुतेक समदं चिंध्यांत जातं."

"मग करतेस कशाला?"

"चिंध्याच सांगतात न्हवं, कुठं घट्ट व्हतंय ते."

मग संपतचे हात गळायला लागले. तुझा बाप फौजेतला गडी, आणि त्याला चहाची बशी पेलेना. त्या आजाराला औषध नव्हतं. वसुधा नेमकं त्यावरच काम करत होती, आणि तिचं एक औषध पेशींवर थोडं चालायला लागलं होतं. भावाकडे बघून तिला घाई झाली. जन्मात पहिल्यांदा तिने दोन कोपरे एकदम बदलले. औषधाला जोर आला, पण उंदरांची यकृतं नासली. कुठल्या बदलाने, ते सांगता येईना. सगळं उसवून एकेक बघायला महिने हवे होते, आणि संपतला घास गिळवत नव्हता.

मी त्याला पेज भरवत होते आणि वसुधा उशाशी बसली होती, तेव्हाचं सांगते.

"आक्का, तेच दे," तो म्हणाला. "तसा बी मरतूयच की."

"न्हाई द्यायची, संपा."

"बहीण हायस का सायब?"

"त्याला औषध म्हणत न्हाईत रं अजून. ईख हाय ते, जीव घेईल."

"मंग माझ्यावर बघ. उंदरापरास मी बरा. कुठं दुखतंय ते सांगीन तरी."

ती हसली. उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. संपतने भिंतीकडे तोंड केलं, ते शेवटपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

तुम्ही मायलेकी गेल्यापासून तुमच्या घराला कुलूप आहे. वसुधा मात्र दर रविवारी रहिमतपूरला येते आणि माझ्याकडे बसते, तुमच्या दाराकडे पाठ करून. परवा विचारलं, "आता हे औषध कुणासाठी गं?"

"त्या दोनातला एक कोपरा काढला, काकू. यकृत अजून नासतंय. आता दुसरा काढायचा."

"तरीही नासलं तर?"

"मंग मला ठावं न्हाई," म्हणाली, आणि माझ्या हातातली चुकलेली बाही घेऊन उसवायला लागली. धागा सापडेना.

किल्ली माझ्याकडे आहे, पण मी उघडलेलं दार तिला चालत नाही. माफीबिफी मागू नकोस. येत्या रविवारी सकाळची गाडी धर, तुमचं दार उघड आणि तिला आत बोलाव. लवकर ये गं.