मिलोच्या कानांचे पैसे

मिलो प्रिबिल ठार बहिरा झालाय, असं त्याच्या बायकोने, आर्डिसने, साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी क्लबात तळलेले मासे खायला मंडळी जमली की ती भरल्या टेबलावरून म्हणायची, "याला काही विचारू नका. भिंतीला विचारा, ती तरी उत्तर देईल." मिलो ब्रँडीचा ग्लास दोन्ही हातांत धरून हसायचा आणि काहीतरी बोलायचा.

"बघा, पुटपुटला परत!"

विस्कॉन्सिनच्या त्या उत्तरेकडच्या गावात खिडक्यांचा कारखाना आणि शाळा सोडली तर नोकरी अशी नव्हतीच. मिलो शाळेची बस चालवायचा. आर्डिस लग्नाआधीच कारखान्यात लागली होती, करवतीच्या खात्यात. दिवसभर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापायच्या, आणि करवतीच्या किंचाळण्याच्या वर आवाज काढून शेजारणीशी गप्पा मारायच्या. कानात घालायचे बोळे फार उशिरा मिळाले. मिळाले तेव्हा आर्डिसने ते खिशात टाकले. बोळे घातल्यावर चहाड्या कशा ऐकायच्या?

घरी मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी टीव्ही लागायचा तो रस्त्यापर्यंत ऐकू जायचा, आणि मिलो उठून मागच्या शेडमध्ये जाऊन बसायचा. "टीव्हीसुद्धा बघत नाही हल्ली," आर्डिस म्हणायची, "ऐकूच येत नाही तर बघणार काय!"

कारखान्यात दर नोव्हेंबरला एक खेळ चालायचा. पुढच्या वर्षी औषधपाण्याला किती लागेल ते आधीच सांगायचं. तेवढी रक्कम वर्षभर पगारातून थोडी थोडी कापली जायची, तिच्यावर कर नाही. पण त्या पैशातून ठरलेल्याच वस्तू घ्यायच्या, आणि वर्षअखेर जे उरेल त्यावर पाणी सोडायचं. त्यामुळे डिसेंबर आला की अख्खा कारखाना आजारी पडायचा. कुणाला एकाएकी दोन दोन चष्मे लागायचे, कुणाच्या दाढा दुखायला लागायच्या. कमरेएवढ्या बर्फात बायका उन्हाचं क्रीम पिशव्या भरभरून घरी न्यायच्या, कारण ते चालायचं. जानेवारी ते नोव्हेंबर मात्र कुणी दवाखान्याची पायरी चढत नसे. डिसेंबरात बघू, हेच सगळ्यांचं.

अशाच एका नोव्हेंबरला आर्डिसने मिळेल तेवढी रक्कम कापायला सांगितली आणि घरी येऊन जाहीर केलं, "तुझ्या कानांचे पैसे बाजूला टाकलेत. यंत्र घ्यायचंय तुला."

"मला ऐकू येतं, आर्डिस."

"काय?"

मिलो जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "म्हटलं, पुढच्या डिसेंबरात जाऊ!"

"मग असं सरळ बोलावं माणसाने."

पुढच्या ऑक्टोबरात अंगणातली पानं गोळा करताना मिलो खाली बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं होतं.

दफन झालं, शेजारणींनी जेवण भरून आणलेली भांडी धुऊन परत गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आर्डिस जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या ऑफिसात गेली. तिथे ट्रेसा नावाची तरुण मुलगी औषधपाण्याच्या या खात्यांचं काम बघायची.

"त्या खात्यातल्या पैशात त्याचा दगड घ्यायचाय," आर्डिस म्हणाली. "नाव कोरलेला."

ट्रेसाने खुर्ची पुढे ओढली. "ते नाही चालत, आर्डिस!" सगळे आर्डिसशी बोलायचे तशीच ती ओरडून बोलत होती. "दफनाचं काहीच चालत नाही!"

"का? मरण आजारपणातच येतं ना?"

"उपचाराला पैसे मिळतात. नंतरचं नाही."

"शवपेटी?"

"नाही."

"त्याला नेलं त्या रुग्णवाहिकेचे?"

"ते चालतं. ते दिलेत तुम्हाला. बाकी तसेच पडलेत."

"म्हणजे त्याच्या कानांसाठी मी वर्षभर पोटाला चिमटा घेतला, आणि आता उन्हाचं क्रीम घेऊ? कुठे फासू? त्याच्या थडग्याला?"

ट्रेसाचे डोळे भरले. ती उठून आर्डिसच्या कानाजवळ आली. "चष्मा चालतो. कवळी चालते. ऐकण्याचं यंत्र चालतं. पण तुमच्यासाठी. तुम्ही… तुम्ही स्वतःचे कान एकदा तपासून का नाही घेत?"

"माझे? माझे कान ठणठणीत आहेत."

ट्रेसाने चालणाऱ्या वस्तूंची यादी तिच्या हातात ठेवली.

पण पैसे असे फुकट जाऊ द्यायचे, हे आर्डिसला सहन होईना. मिलोसाठी ठेवलेलं आता तेवढंच उरलं होतं. तिने शहरातल्या कानाच्या डॉक्टरकडे वेळ घेतली. न्यायला मिलोची बहीण जॉयलिन आली. वाटेत आर्डिस म्हणाली, "तपासतील आणि घरी पाठवतील. मग चष्मा घेईन." जॉयलिन समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.

डॉक्टर तरुण होता, केलन नावाचा. त्याने तिला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर डबडी चढवली आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. आर्डिस बटणावर अंगठा ठेवून बसून राहिली. मग बसूनच राहिली. काचेपलीकडे डॉक्टर काहीतरी करत होता, तिला वाटलं यंत्र बिघडलंय.

बाहेर आल्यावर त्याने कागदावरची घसरत गेलेली रेघ दाखवली. "मिसेस प्रिबिल, करवतीवर काम केलंत का?"

"जन्मभर."

"आवाज येतो तुम्हाला, पण शब्दांच्या कडा येत नाहीत. त्यामुळे समोरचा माणूस पुटपुटतोय असं वाटतं. बऱ्याच बायका हीच तक्रार घेऊन येतात, की नवरा पुटपुटतो."

आर्डिस कागदाकडे बघत राहिली. "आणि मी विचारलं तर उत्तरच देत नसे तो."

"दिलं असेल," डॉक्टर म्हणाला. मग त्या 'नसे'वरून नवरा आता नाही हे त्याला कळलं, आणि त्याने तो कागद हळूच मिटला.

यंत्रं वर्ष संपायच्या आत कानात बसली पाहिजेत, नाहीतर पैसे मिळणार नाहीत. तेव्हा नाताळ उलटल्यावर जॉयलिन तिला पुन्हा घेऊन गेली. केलनने ती कानांमागे बसवली, आणि खोलीत सगळीकडून काहीतरी सळसळायला लागलं. ते तिचंच जाकीट होतं.

परत गाडीत बसल्यावर आर्डिसने दार लावून घेतलं.

"जॉयलिन, तुला ठाऊक होतं?"

जॉयलिनने किल्ली फिरवली नाही. "सगळ्यांनाच ठाऊक होतं गं!"

"आणि एकानेही तोंड उघडलं नाही."

"मिलोने उघडू दिलं नाही! म्हणाला, तिला एकदा सांगून बघितलं, फार लागलं तिला. राहू दे. माझ्या कानांचे म्हणून तिने पैसे टाकलेत ना, डिसेंबरात मी जातो, आणि म्हणतो, मी एकटा नाही बसत त्या खोलीत, आधी तू बस. डॉक्टर सांगेल तिला, मी कशाला सांगू!"

"क्लबात सगळ्यांसमोर मी त्याला…"

"हो."

"आणि तो हसायचा."

"हसायचा. मला तुझा राग यायचा, आर्डिस! खरं सांगते. मी म्हटलं त्याला, आताच जा ना, वाट कशाला बघतोस! तर म्हणे, सगळे डिसेंबरातच जातात. जाऊ की. घाई काय आहे!"

आर्डिसचे हात मांडीवर पडले होते. पार्किंगमध्ये बर्फ ओढणारी गाडी फिरत होती, तिचं पातं दगडी फरशीवर खरवडत होतं, आणि ते सगळंच्या सगळं ऐकू येत होतं.

"शेवटी शेवटी तो माझ्याशी बोलायचाच नाही," ती म्हणाली. "की बोलायचा?"

"बोलायचा गं! मी असायचे ना तिथे! तू टीव्हीकडे बघत असायचीस, आणि तो बोलायचा!"

"काय बोलायचा?"

जॉयलिनने डोळे पुसले. "काय बोलणार! हेच. बस बिघडली, अमुक पोरगा डबा विसरला, हरणं येऊन गेली अंगणात! रोजचंच!"

"सांग."

"काय?"

"डबा विसरला ते सांग. कुठला पोरगा, मग याने काय केलं. तो सांगायचा तसंच नको, तुला आठवेल तसं सांग." आर्डिसने मान सीटला टेकली. "आणि ओरडू नकोस, जॉयलिन. हळू सांगितलंस तरी चालेल."