समुद्राची वर्गणी

बुलढाण्याहून अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी आमच्या गावी आली. तिचा प्रश्न एकच होता: शेतातले खत वाहून जाऊन समुद्र बिघडतो, तो कमी बिघडावा म्हणून तुमचे घर वर्षाला किती रुपये देईल? पैसे गोळा करायचे नव्हते. खरे उत्तर हवे होते. त्यावर तिचा प्रबंध उभा राहणार होता. "एकेकाला वेगळं विचारायचंय, सर," असे तिने मला बजावले होते.

मला वाटले, पोरीची पायपीट वाचवावी. मी गाव मारुतीच्या पारावर बोलावले आणि निवृत्त शिक्षकाच्या सवयीने आधी धडा घेतला. आपला ओढा पैनगंगेला मिळतो. ते पाणी वर्धेतून, पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. त्यातल्या युरियावर तिथे शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. मग, नमुना म्हणून, मोठ्याने म्हणालो, "माझे पाचशे एक."

पुढचे सगळे सप्ताहाच्या वर्गणीसारखे झाले.

"गुरुजींच्या खाली कसा जाऊ? लिवा सातशे एक," सरपंच म्हणाले.

किराणा दुकानदार एकशे एकवर थांबला, तसा मागून आवाज आला, "काऊन बे, पोराच्या लग्नात तं दोन डीजे आनले होते!" हशा पिकला. दुकानदार पाचशे एकवर आला.

भाजीपाला पिकवणारी एक बाई पदर सावरत पुटपुटली, "माह्ये एक्कावन लिवा, ताई. पन वाचून दाखवू नका."

मुलीने लिहिणे केव्हाच थांबवले होते. त्या आकड्यांत कोणाचेही मत नव्हते. गावातली ज्याची त्याची पायरी होती, आणि पहिली पायरी मी बांधली होती.

एसटीच्या थांब्यावर मी म्हणालो, "उद्या तुम्हाला घरोघरी नेतो."

"नको, सर. आता सगळे पारावरचंच पुन्हा सांगतील. दुसरं गाव बघते." आवाजात राग नव्हता, म्हणूनच माझी मान वर होईना. मग तिने विचारले, "तुम्ही एकटे असता, तर किती सांगितलं असतं?"

यंदा माझ्या कपाशीला मी शिफारशीच्या दुप्पट युरिया दिला होता. पीक शेजाऱ्यापेक्षा हिरवेगार दिसावे, एवढ्यासाठीच.

"एक रुपयाही नाही," मी म्हणालो.

तिने वही उघडली आणि ते लिहून घेतले. आमच्या गावातून तिला मिळालेले ते एकमेव खरे उत्तर होते. ते बदलून सांगण्याची इच्छा मी बस येईपर्यंत कशीबशी आवरली.