रकान्यात न मावलेलं गाणं

आमच्या संस्थेने झाडीपट्टीतली रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी जतन करायचं ठरवलं, तेव्हा पहिला ठराव गाण्यांबद्दल नव्हता. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला अध्यक्षांचं प्रास्ताविक असावं, असा तो ठराव होता. ते एकदाच रेकॉर्ड करून प्रत्येक फाईलच्या पुढे जोडलं गेलं. त्यामुळे जिल्ह्यातल्या कुठल्याही म्हातारीचं गाणं ऐकायचं तर आधी अध्यक्षांकडून माती, नाळ, संस्कृती ऐकावी लागे आणि मग उपाध्यक्षांपासून कोषाध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे आभार.

मी तिथे संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि सर्व्हरसाठी घेतलेला एसी, जो बैठकीच्या खोलीत बसवला आहे.

रोवणे सुरू झाले होते. एका दुपारी वरठीच्या पोलाद कारखान्यातला एक कामगार पाळी सुटल्यावर मोटरसायकलने थेट आमच्याकडे आला. मूळचा आसगावचा. त्याची आई उन्हाळ्यात गेली होती.

“सर, मायचं गाणं तुमच्यापाशी आहे म्हणते. बहिणीले पाहिजे. धानाच्या बांदीत बाया तिलेच गा म्हणते, अन् तिले मधलं आठवत नाही.”

“मोबाइलवर नाही का आईचा आवाज?”

“माय फोनवर ‘हो, ठेव’ एवढंच बोले. जास्त बोललं तं बॅटरी संपते म्हणे.”

मी रेकॉर्ड उघडलं. पडद्यावर लांबी दिसली, नऊ मिनिटं. तो खुर्ची ओढून बसला. अध्यक्ष बोलले, आभार आटोपले. मग पाखरांचा आवाज आला, एक बाई खाकरली आणि म्हणाली, “झालं का बाप्पा तुमचं? गाऊ?”

आणि सगळं बंद.

“काहून बंद पडलं, सर?”

“बघतो. दोन-चार दिवसांनी या.”

“पण नऊ मिनिटं दाखवून राहिलं ना ते?”

दाखवत होतं खरं. त्याच भरवशावर मीही कामाला लागलो. आधी ऐकवणाऱ्या प्रोग्रामवर संशय घेतला, मग नेटवर्कवर, मग डिस्कवर. निर्जीव वस्तूंवर संशय घेणं नोकरीच्या दृष्टीने सुरक्षित असतं. दुसरी गाणी लावली. प्रत्येक ठिकाणी अध्यक्ष पूर्ण आणि बाई गायला लागायच्या बेतात. शेवटी डेटाबेसलाच विचारलं की प्रत्येक रेकॉर्डमध्ये प्रत्यक्ष किती आवाज साठलाय. उत्तर आलं. सगळ्या रेकॉर्डांचं माप तंतोतंत एकच होतं. इतक्या बाया, इतकी गावं, आणि सगळ्यांना एकाच मापाचं गाणं? तसं होत नसतं. तसं कापावं लागतं.

डेटाबेसमध्ये नाव, गाव यांना लहान रकाने असतात आणि आवाजासारख्या अवजड ऐवजाला ब्लॉब नावाचा मोठा रकाना. त्यातही मापं असतात. नव्या सर्व्हरवर सामान हलवताना कंत्राटदाराने मधलं माप निवडलं होतं. मावेल तेवढं भरावं, उरलेलं टाकून द्यावं आणि तक्रार करू नये, अशी सेटिंगही त्यानेच करून ठेवली होती. नऊ मिनिटं हा आकडा फाईलच्या तोंडाशी लिहिलेला असतो. तो तेवढा शाबूत राहिला होता. पाटी होती, दुकान नव्हतं.

हे कुणाला कळलं कसं नाही? तपासणी समितीने अध्यक्षांना समोर बसवून प्रत्येक फाईल उघडली होती. प्रास्ताविक सुरू झालं की सदस्य ‘उत्तम’ म्हणत आणि पुढची लावत. अध्यक्षांसमोर अध्यक्षांना शेवटपर्यंत ऐकण्याची गरज कुणाला वाटली नाही.

बॅकअप होता. रोजचा होता, नेमाने घेतलेला, आणि प्रत्येकात तेच कापलेलं गाणं होतं. जुना सर्व्हर भंगारात गेला होता. राहिली मूळ मेमरी कार्डं. या संग्रहाच्या उद्घाटनाच्या चित्रणाला जागा कमी पडली तेव्हा सचिवांनी “डेटाबेसमध्ये आहे ना सगळं?” असं विचारून ती रिकामी करवली होती. पुसलेलं परत काढणारा प्रोग्राम मी त्या कार्डांवर दिवसभर चालवला. गाण्यांऐवजी उद्घाटनातल्या टाळ्या मिळाल्या. दीपप्रज्वलनाच्या वेळी काडी विझते, तेव्हाचा हशाही मिळाला.

अध्यक्षांना सांगायला गेलो.

“माझं प्रास्ताविक तरी आहे ना?”

“सगळ्या फायलींत आहे, साहेब.”

“मग घाबरता कशाला? बायांना पुन्हा बोलवा.”

ज्या आहेत त्यांना बोलावता येईल. मी रकान्याचं माप वाढवलं. एका ओळीचं काम होतं, चहा निवायच्या आत झालं.

तो कामगार परत आला. त्याला ब्लॉब समजावत बसण्यात अर्थ नव्हता. गाणं ठेवतानाच कापलं गेलं आणि दुसरी प्रत कुठेच उरलेली नाही, असं सांगितलं. तो ओरडेल म्हणून मी मन घट्ट केलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

“कार्डात पण नाही?”

“नाही.”

“कायले मिटवलं मंग?”

मी सांगितलं. त्याने मान हलवली, जसं काही हे कारण त्याला पटण्यासारखं होतं.

“ते साहेबाचं काटून फक्त मायचं लावा.”

मी अध्यक्षांना कापलं. तेवढं अधिकार नसतानाही जमलं. आता उरलं ते एवढंसं: पाखरं, खाकरणं, “झालं का बाप्पा तुमचं? गाऊ?” त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

“पेनड्राइव्हवर देऊ का?”

तो खुर्ची मागे सारून उठला.

“नको. हे ऐकलं तं बहीण पुढचं ऐकाले बसून राहीन. भेटलंच नाही म्हणून सांगतो तिले.”

हेल्मेट उचलून तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

“पण मिटवजा नका, सर.”